मेलेलं नाही, अडकलंय

“हात मांडीवर!”

दारातून आधी हा आवाज यायचा, मग ताई यायच्या. खोलीत सुपरवायझर असो, अकाउंट्सचे साहेब असोत, नाहीतर बाहेरून आलेला पाहुणा असो, सगळ्यांचे हात झटकन मांडीवर जायचे. पहिलीच्या वर्गात बाई आल्या की जातात ना, तसे. मी पन्नाशीला टेकलेला माणूस. लातूरकडून येऊन वीस वर्षं चाकणच्या कंपन्यांत क्वालिटीत काढलेली. पण माझेही जायचे.

तुम्हीही कधीतरी हे केलं असेल. कॉम्प्युटरवर काम चाललंय, एकदम सगळं हँग होतं. तुम्ही माउस दाबता. काही होत नाही. परत दाबता. मग दहा वेळा दाबता, मग एंटर, मग दिसेल ते बटण. ताईंचं म्हणणं असं, की तुमची एकेक टिचकी तो मुकाट्यानं लिहून ठेवतो आणि मोकळा झाला की सगळ्या एकदम पार पाडायला निघतो.

“दादा, तुम्ही सतरा वेळा डिलीट दाबलंत. आता हा उठला की तुमच्या सतरा ओळी खाणार. कशाला? त्यानं काय केलं होतं तुमचं?”

म्हणून आधी हात मांडीवर. मग खुर्ची ओढून त्या पडद्यासमोर बसायच्या, थोडा वेळ नुसत्या बघायच्या आणि दुसरं ठरलेलं वाक्य यायचं, “मेलेलं नाही, अडकलंय.” हे वाक्य त्या इतक्या आनंदानं म्हणायच्या, की आपला तासाभराचा रिपोर्ट गेलाय की राहिलाय हे विसरून आपल्यालाही उगाच बरं वाटायचं.

आमची कंपनी निघोज्याच्या हद्दीत. मोटारींच्या सीटखाली जे लोखंडी ब्रॅकेट असतात, ते आम्ही बनवतो. ताई तिथं सगळ्या कॉम्प्युटरांचं बघायच्या. तिशी ओलांडलेल्या, बारीक, बुटक्या. पायात सेफ्टी शूज, तेही पुरुषांच्या मापाचे, कारण बायकांच्या मापाचे आमच्या स्टोअरला कधी आलेच नाहीत. पुढे कापूस कोंबून त्या ते घालायच्या. चालल्या की थप थप आवाज व्हायचा. पळाल्या की पत्रा दाबणाऱ्या प्रेसच्या धडधडीतसुद्धा कळायचं, कुठंतरी काहीतरी हँग झालंय आणि ताई निघाल्यात.

पण त्यांच्या गळ्यातल्या कार्डावर काय लिहिलं होतं माहितीये? ‘हेल्पर, पॅकिंग’.

त्याचं असं झालं. ताई मुळात पॅकिंगलाच लागल्या होत्या. खोक्यात ब्रॅकेट भरायचे, लेबल चिकटवायचं, खोकं पुढे ढकलायचं. मग एका वर्षी कंपनीनं ठरवलं, की सगळ्या कॉम्प्युटरांवरचं विंडोज काढून फुकटात मिळणारं लिनक्स टाकायचं. बाहेरचा एक इंजिनिअर आला, दोन दिवसांत सगळी मशीनं बदलून गेला आणि जाताना एक छापील वही ठेवून गेला. वही कुणी उघडली नाही. आम्ही सगळे चिडलेलो. नेहमीचं चित्र जागेवर नाही, नेहमीचं बटण जागेवर नाही. जो तो म्हणायचा, हे फुकटातलं आहे, असंच चालणार.

आठवड्याच्या आत पॅकिंगच्या टेबलावरचा लेबल छापायचा प्रोग्रॅम अडकला. लेबल नाही म्हणजे खोकं नाही. खोकी साचली, लाईन थांबली, सुपरवायझर डोक्याला हात लावून बसला. तेव्हा ताई म्हणाल्या, “मी बघू का?” आणि कुणी हो म्हणायच्या आत त्यांनी तीन बटणं दाबली. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं. सुपरवायझर ओरडला, “अहो, काय केलंत हे!” ताईंनी दोन ओळी लिहिल्या, परत जुन्या पडद्यावर आल्या, आणि अडकलेली खिडकी गायब! प्रोग्रॅम नव्यानं उघडला. लेबल छापून बाहेर पडलं तेव्हा पॅकिंगच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

मी नंतर विचारलं, हे कुठं शिकलात? तर म्हणे, कुदळवाडीच्या भंगारात. त्यांनी तिथून एक जुनाट कॉम्प्युटर उचलला होता. त्याच्यावर दुसरं काही चालतच नव्हतं, म्हणून लिनक्स टाकलं. “आणि तो इतका म्हातारा होता दादा, की दर अर्ध्या तासाला अडकायचा. तेच बरं झालं. चांगला मिळाला असता तर मी काहीच शिकले नसते!” शिवाय त्या इंजिनिअरची वहीही त्यांनी डब्याच्या सुट्टीत वाचून काढली होती. अख्ख्या कंपनीत ती एकट्या त्यांनीच वाचली.

तेव्हापासून त्यांचं खोकी भरणं सुटलं. लेखी काही नाही, नुसतंच सुटलं.

आमच्याकडे डिस्पॅचला पठारे म्हणून आहेत. निघोज्यातलेच, जुन्या घरातले, अंगानं दणकट, मनानं लोणी. पण कॉम्प्युटर अडकला की हा माणूस त्याच्या डब्यावर थापटी मारायचा आणि नाहीच ऐकलं तर मागचापुढचा विचार न करता बटण दाबून बंद करायचा. चालू कामासकट. ताईंनी दोनदा सांगितलं. तिसऱ्या वेळी त्यांनी पाण्याच्या बाटलीचं झाकण त्या बटणावर उपडं ठेवून चिकटपट्टीनं पक्कं केलं आणि वर पेनानं लिहिलं, ‘आधी मला बोलवा’.

“आवो ताई, ह्ये काय ल्हान पोराला केल्यागत!” पठारे म्हणाले.

“लहान पोरं ऐकतात हो,” ताई म्हणाल्या.

मग त्यांनी पठाऱ्यांना शिकवायला घेतलं. मी शेजारीच उभा होतो, म्हणून तो धडा मला पाठ आहे. “हे बघा, एखाद्याला कामावरून काढायचं तर एचआर काय करतं? आधी बोलावून सांगतं, बाबा रे, आटप आणि जा. तो आपलं सामान आवरतो, कागद जागेवर ठेवतो आणि जातो. तशी आपण प्रोग्रॅमला आधी विनंती करायची. मग थोडं थांबायचं. त्याला आवरायला वेळ द्यायचा. नाहीच गेला तर मग दंडाला धरून बाहेर. पण तेव्हा त्याचं सामान आतच राहतं आणि आपलंही. म्हणून ते शेवटी.”

पठाऱ्यांना यातला दंडाला धरायचा भागच आवडला. एक कमांड अशी आहे, की ती दिली की माउसच्या बाणाची फुली होते. ती फुली ज्या खिडकीवर टेकवाल ती जागच्या जागी नाहीशी. दुसऱ्याच दिवशी त्यांनी फुली काढली आणि अडकलेली खिडकी सोडून शेजारच्या, चांगल्या चालत्या चलनाच्या खिडकीवर टेकवली. मालाच्या गाड्यांसाठी सकाळपासून भरलेली चलनं गेली. पठारे पाच मिनिटं पडद्याकडे बघत राहिले आणि मग स्वतःहून हात मांडीवर ठेवून ताईंची वाट बघत बसले. ताई आल्या, बघितलं, आणि भिंतीला टेकून इतक्या हसल्या, की पठाऱ्यांना रागावताही येईना. मग बसून त्यांच्याबरोबर सगळी चलनं परत भरू लागल्या.

आता तो ऑडिटचा दिवस सांगतो. तो आठवला की आजही मी खुर्चीच्या कडेवर येऊन बसतो.

एका मोठ्या गाडी-कंपनीसाठी आम्ही नवा ब्रॅकेट बनवला होता. त्यांचे लोक येऊन तपासणार होते. पास झालो तर आमच्या शेडमध्ये नवी लाईन टाकायची. नाही झालो तर पॅकिंगच्या कंत्राटी बायकांपैकी निम्म्यांना महिन्याच्या शेवटी घरी पाठवायचं, हे कंपनीच्या मोठ्या साहेबांनी उघड सांगितलं होतं. ताई पूर्वी ज्यांच्याबरोबर खोकी भरायच्या, त्याच बायका. आठवडाभर कंपनीत नुसती रंगरंगोटी चालली होती. पिवळे पट्टे, हिरवे पट्टे, कुंड्या. फरशी चकचकीत करायला बाहेरून माणसं आणि यंत्रंही आणलेली.

मी सकाळी आठपासून ब्रॅकेट तोडत होतो. कामच ते. मशीन ब्रॅकेटला दोन्हीकडून धरतं आणि वेल्डिंगचा जोड तुटेपर्यंत ओढतं. किती जोराला तुटला तो आकडा वायरीतून सरळ कॉम्प्युटरमध्ये जातो. कागदावर काही नाही. चाळीस नग तोडायचे होते आणि चाळीसच नग होते. तुटलेला नग पुन्हा तोडता येत नाही. नवे नग काढावेत तर त्याची डाय, म्हणजे साचा, टूलरूममध्ये उघडून पडलेली, दोन दिवस तरी जोडली जाणार नव्हती. साडेदहाला चाळिसावा तुटला. सगळे आकडे उत्तम. मी खुशीत ‘सेव्ह’ दाबलं.

खिडकी करडी झाली.

मग मध्येच एक चौकोन उगवला. प्रोग्रॅम उत्तर देत नाही, थांबायचं की जबरदस्तीनं बंद करायचं? खाली दोन बटणं. तेवढ्यात साहेबांचा फोन, “पाहुणे गेटवर आलेत. चहा झाला की आधी तुमच्याकडेच आणतो.” मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? फोन ठेवला आणि ताईंना लावला.

थप थप थप थप.

“हात मांडीवर! काय केलंत शेवटी?”

“सेव्ह.”

“फक्त सेव्ह?”

“एकदाच. शपथ.”

“शाबास!” त्या म्हणाल्या आणि खुर्ची ओढली. मला अजून आठवतं, त्यांनी आधी माउस थोडा हलवून बघितला. बाण फिरत होता. “बघा, मशीन जागं आहे. एकटा हाच अडकलाय.” मग त्यांनी काळी खिडकी उघडली, चालू असलेल्या सगळ्या प्रोग्रॅमांची यादी काढली आणि आमच्या प्रोग्रॅमच्या ओळीवर बोट ठेवलं. नावाशेजारी एकच इंग्रजी अक्षर होतं, डी.

“डी म्हणजे डेड?” माझा आवाज चिरकला.

“नाही हो दादा! मेलेल्यापुढे झेड असतो. डी म्हणजे हा डिस्कची वाट बघतोय. तुम्ही सेव्ह म्हणालात, हा फाईल ठेवायला गेला आणि पलीकडून उत्तरच येत नाहीये. आकडे सगळे ह्याच्याकडेच आहेत. फक्त हातात धरून उभाय.” मग जरा हळू आवाजात, “ह्याला आता विनंती चालत नाही आणि दंडाला धरूनही हा निघत नाही. अशा वेळी कुणाचंच ऐकत नाही हा. कॉम्प्युटर बंद केला तरच जाईल. आणि आकडे घेऊन जाईल.”

आमच्या सगळ्या फाईली एका मोठ्या कॉम्प्युटरवर जातात, तो शेडच्या दुसऱ्या टोकाला स्टोअरमध्ये ठेवलेला. ताईंनी त्याला इथूनच हाक मारून बघितली. उत्तर नाही. त्याच वेळी टेबलावरचा फोन वाजला. पठारे.

“ताई हायेत का तिथं? आमचं चलन अडकलंय. आन म्या काय बी दाबल्यालं न्हाई, आधीच सांगतो!”

त्या क्षणी ताईंचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. माझी नोकरी टांगणीला लागलेली, आणि या बाई लॉटरी लागल्यासारख्या उठून उभ्या राहिल्या. “दोन्हीकडे एकदम! मग दोष इथं नाहीच! दादा, दोष वाटेत आहे!”

“म्हणजे?”

“म्हणजे मी निघाले. ह्या मशीनला कुणी हात लावायचा नाही. कुणी म्हणजे कुणीच नाही.” आणि गेल्या.

मी ती करडी चौकट बघत बसलो. हात मांडीवर. पाच मिनिटं झाली. साहेब आत आले, एकटेच, पाहुण्यांच्या पुढे. पडदा बघितला आणि पांढरे पडले.

“हे काय?”

“अडकलंय साहेब. ताई गेल्यात बघायला.”

“बघायला कुठं? मशीन तर इथंय! रिस्टार्ट मारा.”

“आकडे जातील साहेब.”

“अहो, ते जिन्यात आलेत! निदान पडदा तरी नीट दिसू दे. सरका.”

साहेब पुढे झाले. आणि मला माहीत नाही मला काय झालं. वीस वर्षांत मी कुठल्याही साहेबाला नाही म्हटलेलं नाही. मी खुर्ची मागे सारली आणि कॉम्प्युटरच्या डब्यासमोर उभा राहिलो.

“नाही साहेब.”

“काय?”

“हात लावू नका. ताईंनी सांगितलंय.”

साहेब काही बोलणार, तेवढ्यात दार उघडलं आणि पाहुणे आत आले. दोन पुरुष आणि एक बाई. बाईच मुख्य होत्या, पिकलेले आखूड केस, हातात वही. त्यांनी माझ्याकडे, साहेबांकडे आणि करड्या पडद्याकडे क्रमानं बघितलं आणि विचारलं, “काही अडचण आहे का?”

तिकडे शेडमध्ये काय झालं ते मला पठाऱ्यांनी नंतर सांगितलं, आणि अजूनही दर दोन महिन्यांनी सांगतात. “म्या डिस्पॅचच्या दारात हुबा. बघतो तर ताई पळत्यात, पर खाली न बघता वर बघत! छताखालून ती निळी वायर जाती न्हवं, तिच्या मागं मागं. फोर्कलिफ्टवाल्यानं करकचून ब्रेक मारला. म्या म्हनलं ह्या बाईला काय झालं? मंग मी बी पळालो मागं. वायर गेली प्रेसच्या डोक्यावरनं, खांबाला वळली आन खाली उतरली त्या पत्र्याच्या पेटीत, जिथं समद्या कॉम्प्युटरच्या वायरी एकत्र जोडल्यात. पेटी उघडी. आत सगळे दिवे बंद. ताई म्हनल्या, वीज कोनी काढली हिची? खाली बघतो तर प्लग हिकडं पडल्याला, आन त्या जागी त्या फरशी घासायच्या यंत्राचा प्लग! त्यो मानूस आपला घासतोय घुईं घुईं. पाव्हणं येनार म्हनून!”

ताईंनी त्या माणसाला ओरडून थांबवलं, प्लग उपटला, आपला खोचला आणि पेटीतले हिरवे दिवे एकेक करून लुकलुकायला लागले. पठाऱ्यांना त्या पेटीपाशी उभं केलं आणि सांगितलं, कुणालाही जवळ येऊ द्यायचं नाही. पठारे तिथं दुपारी दोनपर्यंत उभे होते. जेवायलासुद्धा गेले नाहीत.

इकडे ताई धापा टाकत दारात आल्या. एवढी माणसं बघून क्षणभर थबकल्या.

“झालं का?” साहेब म्हणाले.

“वाट मोकळी झाली साहेब. आता त्याला कळायला हवं.”

“कळायला किती वेळ?”

“मिनिट, दीड मिनिट. तो थोड्या थोड्या वेळानं विचारत असतो. पुढच्या वेळी विचारेल तेव्हा उत्तर मिळेल.”

“आणि नाही मिळालं तर?”

पाहुण्या बाईंनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. ते मिनिट माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लांबलचक. खोलीत पंख्याचा आवाज, ताईंचा श्वास आणि लांबून प्रेसची धडधड. साहेबांनी दोनदा घसा खाकरला. मी करड्या पडद्याकडे बघत होतो, पण ताई तिकडे बघतच नव्हत्या. त्यांची नजर डब्यावरच्या बारीक लाल दिव्यावर होती. वायरीतून फाईल जायला लागली की तो लुकलुकतो. आत्ता विझलेला होता.

तो एकदा लुकलुकला.

ताईंनी माझं मनगट पकडलं. दिवा परत लुकलुकला, मग भराभर, आणि करड्या खिडकीवरून कुणी फडका फिरवावा तशी ती पांढरीशुभ्र झाली! चाळीस ओळी. चाळीसच्या चाळीस. खाली बारीक अक्षरात, फाईल सेव्ह झाली.

मी ओरडलो. साहेब ओरडले. दोघा पाहुण्यांपैकी एकानं चक्क टाळी वाजवली. आणि ताई काय करत होत्या? ती फाईल आणखी एका ठिकाणी ठेवून घेत होत्या. “आधी हे दादा. नाच मग.”

पाहुण्या बाई त्यांच्याजवळ आल्या. “तुम्हाला भीती नाही वाटली?”

“वाटली ना मॅडम,” ताई म्हणाल्या. “म्हणून तर बटणं कमी दाबली.”

बाई पहिल्यांदा हसल्या. वहीत काहीतरी लिहिलं. ब्रॅकेट पास झाला. आमचं प्लगपुराण मात्र त्यांच्या अहवालात सविस्तर आलं, पेटीला कुलूप का नाही म्हणून शेरा मारला त्यांनी. कुलूप त्याच आठवड्यात लागलं. नवी लाईन सुरू झाली, पॅकिंगच्या बायकांतली एकही घरी गेली नाही. उलट चार नव्या आल्या.

साहेबांनी कँटीनमध्ये सगळ्यांना बोलावून ताईंचा सत्कार केला. गुच्छ, शाल, फोटो. बोला चार शब्द म्हटलं तर ताई उठल्या आणि म्हणाल्या, “साहेब, फुलं छान आहेत. पण एक मागते. माझ्या कार्डावर मी जे काम करते ते लिहा.” सगळे हसले, टाळ्या पडल्या, साहेबही “हो हो, नक्की” म्हणाले.

एचआरनं सांगितलं, शिक्षण बारावी, नियमात बसत नाही, बघू. मग तीन महिने बघत राहिले. मी एकदा जाऊन विचारलं. मला म्हणाले, वर फाईल गेलीय. मी परत विचारलं नाही. ज्या माणसानं साहेबाला एकदा नाही म्हटलं होतं, तो परत आपल्या खुर्चीत जाऊन बसला होता. ही गोष्ट मी कुणाला सांगत नाही, तुम्हाला सांगतोय.

मग एक दिवस ताई माझ्याकडे आल्या आणि दार लावून घेतलं. त्या पाहुण्या बाईंचा फोन आला होता. त्यांच्या तळेगावच्या प्लांटमध्ये कॉम्प्युटर विभागात जागा होती. मुलाखतीला या म्हणाल्या होत्या.

“दादा, इंग्रजीत विचारतील.”

“विचारू द्या.”

“मला कमांड इंग्रजीत येतात. वाक्यं येत नाहीत!”

मग काय, आठ दिवस डब्याच्या सुट्टीत आमची तयारी. मी साहेब, पठारे दुसरे साहेब. माझं इंग्रजी लातूरचं, पठाऱ्यांचं त्याहून वेगळ्याच गावचं. पठारे गंभीर चेहरा करून विचारायचे, “व्हाय यू लिव्ह धिस कंपनी?” आणि ताई हसून हसून डब्यावर डोकं टेकवायच्या. शेवटच्या दिवशी मात्र त्यांनी एका दमात, न अडखळता सांगितलं, त्या काय काम करतात ते. पठारे डोळे मोठे करून ऐकत राहिले. “म्हंजे येवढं करता व्हय तुमी?” म्हणाले.

मुलाखतीच्या दिवशी आम्ही दोघं दर दहा मिनिटांनी फोन बघत होतो. दुपारी ताई थेट आमच्या गेटवरच आल्या. समोरच्या गाडीवर त्यांनी आम्हाला वडापाव खायला लावला आणि तो संपेपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. मग तोंड पुसून म्हणाल्या, “एक तारखेपासून.” पठाऱ्यांनी भर रस्त्यात अशी आरोळी ठोकली, की एक रिक्षा थांबली.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचला ताईंनी सगळं जमा केलं आणि बाहेर पडल्या. मी वरच्या खिडकीत होतो. गेटबाहेर एक वयस्क गृहस्थ स्कूटरला टेकून उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, वरपर्यंत लावलेली बटणं. ताईंचे वडील. पिंपरीतल्या एका कारखान्यात लेथवर आयुष्य काढलेले. लेकीची कंपनी बघायला ते पहिल्यांदाच आले होते, आणि ते नेमके शेवटच्या दिवशी. वॉचमननं त्यांना आत सोडलं नसतं आणि आता ताईंनाही सोडलं नसतं.

म्हणून ताई बाहेरूनच दाखवत होत्या. हात उंच करून, टाचा वर करून, छताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवत. ती वायर कुठून जाते, कुठं वळते, कुठं उतरते. मला ऐकू काही येत नव्हतं, पण बोट बघून मला सगळं समजत होतं. वडील डोळ्यांवर हाताची सावली धरून बघत होते आणि मान हलवत होते. मध्येच त्यांनी काहीतरी विचारलं आणि ताईंनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

मग ताई स्कूटरवर पुढे बसल्या, वडील मागे. स्कूटर कंटेनरांच्या गर्दीत शिरली. वडील पुढे वाकून, लेकीच्या खांद्याशी कान नेऊन बसले होते, आणि ताई अजून सांगतच होत्या.